दंतुररावांचं तेरावं पाऊल

एका जंगलात कोणीच पळत नसे.

तुम्ही म्हणाल, असं कसं होईल? जंगल म्हटलं की वाघ आला आणि वाघ आला की बाकीच्यांना पळावंच लागतं. शाब्बास, तुमच्या शाळेत बरं शिकवतात. पण या जंगलाला लागून उसाचे फड होते. नदीच्या काठानं, नजर पोचेल तिथवर ऊसच ऊस. प्राणी एकदा गंमत म्हणून तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. सकाळी ऊस, दुपारी ऊस, संध्याकाळी तोंड चाळवायला पुन्हा ऊस. हळूहळू हरणं गोल झाली. सशांचे कान तेवढे हडकुळे राहिले.

आता शिकारच पळेना, तेव्हा वाघाला तरी पळायची काय गरज? वाघमहाराज गुहेतून बाहेर येत, समोर जो कोणी झोपलेला असेल त्याला खात आणि आत जाऊन स्वतः झोपत. कोणाचीच फार तक्रार नव्हती.

या जंगलात दंतुरराव नावाचे एक रानडुक्कर राहत. वयानं पोक्त, सुळे पिवळे, आणि पोट थेट जमिनीला टेकलेलं. ते चालत निघाले की मागे मातीत एक लांबलचक रेघ उमटे. त्यांच्या पत्नी कर्दमाबाई यांची त्यामुळे मोठी सोय झाली होती. नवरा कुठे गेलाय हे त्यांना कोणाला विचारावं लागत नसे. त्या आपल्या रेघेरेघेनं जात आणि जेवायला घेऊन येत.

एके दिवशी कर्दमाबाई म्हणाल्या, "आवं, तुमच्या मागं मुंग्यांची रांग लागलीया."

"लागू दे की," दंतुरराव म्हणाले. "मोठ्यांच्या मागं चार जन असायचंच."

"आवं, चार न्हाईत, चारशे हायेत. आनि तुमी झाडामागं जाऊन आला, की तितंच जमत्यात. मला काय हे लक्षन बरं दिसत न्हाई."

मग दोघं वैद्यराज काटेशास्त्रींकडे गेले. काटेशास्त्री म्हणजे जंगलातले साळिंदर. अंगावर जन्मापासूनच सुया असल्यामुळे त्यांनी वैद्यकीचं वेगळं शिक्षण घेतलं नव्हतं. त्यांनी दंतुररावांची जीभ पाहिली, पोट टोचून पाहिलं आणि म्हणाले, "उद्या उपाशीपोटी या."

"उपाशी कोन? मी का मुंग्या?"

"दोघंही."

दुसऱ्या दिवशी वैद्यराजांनी पाठीचा एक काटा उपटला, दंतुररावांच्या कानाला टोचला आणि रक्ताचा थेंब पळसाच्या पानावर घेतला. मग बारीक आवाजात शंभर म्हणून होईपर्यंत थेंबाला किती मुंग्या लागतात ते मोजलं. वीसच्या आत लागल्या तर प्रकृती ठीक, असा त्या जंगलातला नियम होता. दंतुररावांच्या थेंबाला एकशे ऐंशी लागल्या. त्यातल्या दोघींनी तर तिथेच बिऱ्हाड करायचं ठरवलं.

"मधुमेह आहे, दंतुरराव," वैद्यराज म्हणाले. "दुसऱ्या प्रकारचा."

दंतुररावांचं तोंड उतरलं. "पयला कोनाला मिळाला?"

"तसं नसतं हो ते. ऐका. आजपासून ऊस बंद आणि चालायचं. नाहीतर डोळे जातील. पायात काटा मोडला तर जखम भरणार नाही. तुमच्या चुलत्यांचं काय झालं, आठवतंय ना?"

दंतुररावांना आठवत होतं. चुलत्यांच्या मागच्या पायात बाभळीचा काटा गेला होता. एवढासा काटा, पण पाय गेला. मग ते जिथे बसले तिथून उठू शकले नाहीत, आणि जिथे बसले ती जागा नेमकी महाराजांच्या गुहेसमोरची होती. दंतुररावांनी वाकून आपले पाय एकेक करून पाहिले. पोटामुळे मागचे दोन दिसले नाहीत, पण त्यांना चारही पायांची एकदम माया आली. ते घाबरले. खरोखरच घाबरले.

"किती चालायचं?"

"रोज दहा हजार पावलं."

"चारी पाय धरून?"

"डावा पुढचा पाय टेकला की एक."

"आनि मोजायचं कोनी? मला चारापल्याड येत न्हाई."

"त्याची काळजी नको," वैद्यराज म्हणाले. "साळुंकी देतो."

अशा रीतीनं टिपणीसबाई नावाची साळुंकी दंतुररावांच्या पाठीवर येऊन बसली. डोळ्यांभोवती पिवळी कडा, चष्मा लावल्यासारखी. स्वभावानं अतिशय चोख. अर्धवट टेकलेलं पाऊल त्या धरत नसत आणि घसरलेलं पाऊल सरळ बाद करत.

पहिल्या दिवशी दंतुरराव उंबराच्या झाडापर्यंत गेले आणि धापा टाकत बसले.

"दोनशे बारा," टिपणीसबाई म्हणाल्या.

"झाली का दहा हजार?"

"नाही."

"जवळपास?"

"नाही."

पण दंतुरराव नेटाचे होते. त्यांनी कसाबसा ऊस सोडला. कर्दमाबाई शेजारी बसून कडाकडा कांडी फोडत आणि ते दुसरीकडे तोंड करून कंदमुळं उकरत. दुसऱ्या दिवशी चारशे पावलं झाली. आठवड्यानं हजार, महिन्यानं पाच हजार, आणि तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी टिपणीसबाई म्हणाल्या, "दहा हजार. पुरे."

दंतुररावांची तहान कमी झाली. झोप गाढ लागू लागली. पोट जमिनीपासून आधी बोटभर सुटलं, मग वीतभर. मातीतली रेघ पुसट होत गेली. कर्दमाबाईंना नवरा शोधायला थोडा त्रास होऊ लागला, पण त्या खुशीत होत्या.

ही गोष्ट खरं तर इथेच संपायला हवी होती. पण मग तिचं तात्पर्य सरळ निघालं असतं, आणि सरळ तात्पर्यं तुम्ही लक्षात ठेवत नाही हे मला ठाऊक आहे. तेव्हा पुढे ऐका.

त्याच सुमारास वाघमहाराजांनाही फार तहान लागू लागली. एकदा त्यांनी वाळलेल्या खोडाला चितळ समजून त्याची मान धरली. दोन दात हलले. काटेशास्त्रींना बोलावणं गेलं. महाराजांच्या थेंबाला तीनशे मुंग्या लागल्या. वैद्यराज हात जोडून म्हणाले, "महाराज, चालायला हवं."

"कोणी?"

"आपण."

महाराजांनी पंजातली नखं बाहेर काढली. वैद्यराजांचे सगळे काटे उभे राहिले.

"शास्त्रीबुवा, आम्ही काय खातो?"

"हरणं, महाराज. डुकरं. कधी ससे."

"आणि ते काय खातात?"

"ऊस."

"मग मुळात साखर कोणात आहे?"

"त्यांच्यात, महाराज."

"मग चालायला कोणी हवं?"

काटेशास्त्री बुद्धिमान होते, शिवाय ते अगदी जवळ उभे होते. "त्यांनीच, महाराज," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कोल्ह्यानं जंगलभर दवंडी पिटली. आजपासून प्रत्येकानं रोज दहा हजार पावलं चालायची. प्रत्येकाच्या पाठीवर साळुंकी बसेल. दर आठवड्याला मुंग्या मोजल्या जातील. ज्याच्या मुंग्या वीसच्या आत येतील त्याला 'निरोगी प्रजाजन' हा किताब, पळसफुलांचा हार, जाहीर सत्कार आणि महाराजांच्या गुहेत भोजन. भोजन कोण करणार, हे दवंडीत स्पष्ट केलेलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नाही.

जंगलात एकच धांदल उडाली. गोमेनं एका झाडाच्या बुंध्याला एक फेरी मारली आणि तिची दहा हजार भरली. तिच्या मुंग्याही कमी भरल्या, तेव्हा तिला सत्काराला नेलं, पण महाराजांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि "पुढच्या वेळी बघू" म्हणाले. सापाची सलग सात दिवस शून्य पावलं भरली, म्हणून त्याच्याकडे खुलासा मागण्यात आला. त्यानं कळवलं की आपल्याला पाय नाहीत. कोल्ह्यानं उत्तर दिलं की सवलतीच्या कारणांमध्ये हे कारण बसत नाही.

दंतुररावांना मात्र दवंडी ऐकून गुदगुल्या झाल्या. ते तर तीन महिने आधीपासून चालत होते! पण इतके दिवस ते पाय वाचवायला चालत होते, आता ते आकड्यासाठी चालू लागले. पाठीवर टिपणीसबाई नसतील तर ते जागचे हलत नसत.

एकदा कर्दमाबाई ओढ्याकाठच्या खड्ड्यात पडल्या. "आवं, या की लवकर!" त्यांनी हाक मारली.

"थांब जरा," दंतुरराव वरून म्हणाले. "बाई अंघोळीला गेल्यात."

"मग?"

"मग काय मग? मोजल्याबिगर चालून पावलं वाया घालवू?"

कर्दमाबाई दुपारभर खड्ड्यात बसून राहिल्या. टिपणीसबाई पंख वाळवून आल्या तेव्हा दंतुरराव चौऱ्याहत्तर पावलं चालून गेले आणि त्यांनी बायकोला बाहेर काढलं. कर्दमाबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. हे दंतुररावांच्या तिसऱ्या दिवशी लक्षात आलं.

पहिला किताब चिंतोपंत चितळ यांना मिळाला. त्यांच्या मुंग्या अठरा भरल्या. हार झाला, भाषणं झाली. कोल्ह्यानं "चिंतोपंतांचा आदर्श समोर ठेवा" असं सांगितलं. मग चिंतोपंत मान ताठ करून भोजनाला गेले. ते परत आले नाहीत.

"महाराजांनी ठेवून घेतलं असणार," सगळे म्हणाले. "मोठी जागा मिळाली असेल."

मग एक भेकर गेलं. मग एक ससा गेला. तेही परत आले नाहीत. वाघ आपल्याला खातो हे जंगलात सगळ्यांना माहीत होतं. पण सत्काराला बोलावून खाईल असं कोणाच्या मनात आलं नाही, कारण तशी पद्धत नव्हती.

दंतुरराव हेव्यानं झुरत होते. आपल्याला आधीच दुसऱ्या प्रकारचा मिळाला, आता सत्कारातही चौथा नंबर, हे त्यांना फार लागलं. त्यांनी जेवण निम्मं केलं. आणि एका सोमवारी वैद्यराजांनी पान वर करून सांगितलं, "एकोणीस."

दंतुरराव जागच्या जागी नाचले. टिपणीसबाईंनी ती पावलं धरली नाहीत.

सत्कार दुसऱ्याच दिवशी ठरला. पाहुण्यारावळ्यांना निरोप गेले. घरी येताना टिपणीसबाई पाठीवरून म्हणाल्या, "दंतुरराव, एक विचारू? चिंतोपंतांची साळुंकी माझी बहीण. तिची नोंद पुरी होत नाहीये."

"का बरं?"

"ती गुहेच्या दारात उडून बाहेर बसली. चिंतोपंत दारापासून आत बारा पावलं गेले. तेरावं पडलंच नाही."

"बसलं असतील जेवायला."

"बसले तर उठतील ना? दीड महिना झाला. भेकराचीही बाराच आहेत. सशाच्या चार उड्या. पुढे कोरं. आम्ही साळुंक्यांनी तीनदा ताडून पाहिलं." टिपणीसबाईंना खरंच वाईट वाटत होतं. अपुरी नोंद त्यांना सहन होत नसे.

दंतुररावांना चारापल्याड मोजता येत नव्हतं, पण एवढं त्यांच्या लक्षात आलं. ते मटकन खाली बसले. आजारी राहावं तर पाय जाणार आणि बरं व्हावं तर दंतुरराव जाणार.

घरी येऊन त्यांनी कर्दमाबाईंना सगळं सांगितलं. कर्दमाबाई आधी मोठ्यानं रडल्या. मग त्यांनी नाक पुसलं. "सत्काराला न्हाई म्हनता येनार न्हाई," त्या म्हणाल्या. "पन कोरड्या तोंडानं जायची आपल्यात रीत हाय का? इतकं चांगलं झालं, मंडळी जमल्यात. तोंड गोड नको करायला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं जंगल दंतुररावांचं तोंड गोड करायला रांगेत उभं राहिलं. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट तोंड गोड केलं नसतं तर नावं ठेवली असती. मेहुण्यांनी उसाची मोळी आणली. गव्यानं मोहाची फुलं आणली. अस्वलानं मोठ्या मनानं अख्खं पोळं दिलं आणि म्हणालं, "मधुमेह बरा झाला, दंतुरराव! घ्या, माझ्या हातचं घ्या." नको म्हणायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर दंतुररावांनी ते फारसं म्हटलंही नाही. पाच महिन्यांनी जिभेला गोड लागत होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

गळ्यात हार घालून त्यांना गुहेच्या दाराशी नेलं. महाराज आत पान मांडून बसले होते. आत सोडण्यापूर्वी वैद्यराज एक शेवटचा थेंब तपासत, कारण महाराजांच्या पथ्याचा प्रश्न होता. त्यांनी काटा टोचला आणि ते मोजू लागले. साठपर्यंत म्हणून झालं तेव्हाच पळसाचं पान मुंग्यांखाली दिसेनासं झालं. मुंग्यांची रांग गुहेपासून नदीपर्यंत गेली होती.

"दोनशे साठ, महाराज," वैद्यराज चाचरत म्हणाले.

महाराजांनी दंतुररावांकडे पाहिलं. मग आपल्या डोळ्यांचा आणि त्या वाळलेल्या खोडाचा विचार केला. त्यांनी मोठा सुस्कारा सोडला.

"माघारी न्या," ते म्हणाले. "अजून चालवा."

त्या दिवसापासून दंतुररावांचं बरं चाललं. नवराबायकोनं बसून नीट ताळा जमवला. रोज दहा हजार पावलं, म्हणजे पाय शाबूत. आणि मुंग्या मोजायच्या आदल्या दिवशी उसाची एक कांडी, म्हणजे जीव शाबूत. मुंग्या एकवीस. ना कमी, ना जास्त.

ही युक्ती कर्दमाबाईंनी बहिणीला सांगितली, फक्त तिलाच. आठ दिवसांत ती सगळ्या जंगलाला कळली. जो तो रोज दहा हजार पावलं चालू लागला आणि ज्याच्या त्याच्या मुंग्या एकवीस येऊ लागल्या. लग्नं जुळवताना स्थळाच्या मुंग्या विचारत, एकवीस म्हटलं की पसंती. कोल्ह्यानं अहवालात लिहिलं की संपूर्ण प्रजा आता आरोग्यापासून फक्त एक मुंगी दूर आहे.

महाराज वाट पाहत राहिले. एक आठवडा गेला, दोन गेले. सत्कार होईना. गुहेसमोर कोणी झोपलेलंही सापडेना, कारण सगळे चालायला गेलेले. तिसऱ्या आठवड्यात महाराज भुकेनं कासावीस झाले आणि पथ्यबिथ्य बाजूला ठेवून स्वतः बाहेर पडले. पण आता हरणं बारीक झाली होती. ससे तर दिसेपर्यंत नाहीसे होत. महाराजांना पळावं लागलं. रोज पळावं लागलं. बहुतेक दिवशी हाती काहीच लागत नसे.

दोन महिन्यांनी वैद्यराजांनी महाराजांचा थेंब पाहिला आणि त्यांचा विश्वास बसेना. "आठ!" ते ओरडले. "महाराज, आपण हे कसं साधलंत?"

"उपाशी राहिलो आणि पळालो," महाराज म्हणाले.

हेच आपण सुरुवातीला सांगत होतो, असं वैद्यराजांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"आता पथ्य काय?" महाराजांनी विचारलं.

"आता तसं काही नाही, महाराज. अधूनमधून थोडं गोड खायला हरकत नाही."

"एकवीस मुंग्यांपर्यंत?"

"एकवीस म्हणजे काहीच नाही, महाराज."

त्याच दिवशी दुपारी दंतुरराव आपल्या नेहमीच्या वाटेनं चालले होते. टिपणीसबाई पाठीवर बसून मोजत होत्या. सात हजार तीनशे चार झाली होती. समोरच्या करवंदीच्या जाळीतून महाराज बाहेर आले.

"मुजरा, महाराज," दंतुरराव न घाबरता म्हणाले. "मी एकवीस हाय."

"माहीत आहे," महाराज म्हणाले. "आम्हाला आता परवानगी आहे."

दंतुरराव पळाले. बाळांनो, काय पळाले! ओढा ओलांडला, टेकडी चढली, उतरली, उसाच्या फडात शिरून पलीकडून निघाले, नदीला वळसा घातला आणि पुन्हा टेकडी चढली. चारही पाय त्यांच्याखाली नीट पडत होते. एकातही काटा मोडला नाही. महाराजांना पळायची सवय नवीनच होती. टेकडी दुसऱ्यांदा चढताना त्यांना पोटात कळ आली आणि ते खाली बसले. दंतुरराव वाचले. आठ महिने टाकलेली पावलं त्या एका दुपारी कामी आली.

गोष्ट इथेही संपू शकली असती.

पण दंतुरराव घरी पोचले, कर्दमाबाईंनी त्यांना मिठी मारली, आणि त्यांनी पहिला प्रश्न केला, "किती झाली, बाई?"

टिपणीसबाई वर फांदीवर बसल्या होत्या. "सात हजार तीनशे चार."

"आनि नंतरची?"

"वाघ दिसला तशी मी उडाले. नंतरची नोंद नाही."

दंतुरराव सुन्न झाले. सलग शंभर दिवस त्यांची दहा हजार भरत होती. एकशे एकाव्या दिवशी, आयुष्यात सर्वांत जास्त पळाले त्या दिवशी, खंड पडला.

"आवं, जीव वाचला न्हवं?" कर्दमाबाई म्हणाल्या. "त्ये बघा की."

"पन मोजलं न्हाई गं," दंतुरराव म्हणाले, आणि ढसाढसा रडले.

वैद्यराजांनी येऊन मुंग्या मोजल्या. अकरा. दंतुररावांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. संध्याकाळी ते जेवले नाहीत. शेवटी टिपणीसबाईंनाच राहवेना. "एक नियम आहे," त्या म्हणाल्या. "साक्षीदारानं लिहून दिलं तर धरता येतात."

"कसला साक्षीदार?"

"जो शेवटपर्यंत बरोबर पळाला असेल तो."

तसा एकच जण होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्दमाबाई नदीवर गेल्या होत्या. दंतुरराव टिपणीसबाईंना पाठीवर घेऊन निघाले आणि गुहेच्या दारात, बाहेरच, उभे राहिले. आत जायचं नाही हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं. महाराज आत पाय चेपत पडले होते. काल खूप पळणं झालं होतं.

"महाराज," दंतुररावांनी हाक मारली, "काल आपन माझ्या मागं पळाला. तेवढं लिहून पायजे."

महाराजांकडे आजवर असा अर्ज कोणी केला नव्हता. ते उठून बसले. "किती पळालो असू?"

"ते आपनच सांगायचं."

"पंधरा हजार?"

दंतुररावांनी मान लववली. त्यांच्या कष्टांची अशी कदर कोणी केली नव्हती, घरच्यांनीसुद्धा. "जरा जास्तच असंल, महाराज," ते हळूच म्हणाले. "टेकडी दोनदा चढलो."

"मग वीस लिहू," महाराज मायेनं म्हणाले. "या ना. शिक्का आत आहे."

दंतुररावांना चिंतोपंत आठवले. भेकर आठवलं. ससाही आठवला. मग त्यांनी वीस हजार हा आकडा मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिला. तो त्यांना मोजता येत नव्हता, पण ऐकायला फार गोड लागत होता.

टिपणीसबाई दारातल्या दगडावर उतरल्या आणि मोजू लागल्या. एक, दोन, तीन. दंतुररावांची चाल आता छान हलकी झाली होती. नऊ, दहा, अकरा.

"बारा," टिपणीसबाई म्हणाल्या, आणि बराच वेळ थांबल्या.

कर्दमाबाई नदीवरून आल्या. घरात कोणी नव्हतं. त्या सवयीप्रमाणे बाहेर आल्या आणि खाली मान घालून मातीत रेघ शोधू लागल्या. उंबरापर्यंत गेल्या, ओढ्यापर्यंत गेल्या. रेघ कुठेच नव्हती. नवरा बारीक झाला होता. ते त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्या भर वाटेत बसल्या आणि रडू लागल्या.

थोड्या वेळानं टिपणीसबाई उडत आल्या आणि अलगद त्यांच्या पाठीवर बसल्या.

"उठा, कर्दमाबाई," त्या म्हणाल्या. "आज तुमचं अजून एकही झालेलं नाही."

तात्पर्य: रोज दहा हजार पावलं चालावीत. त्यानं मधुमेह हमखास आटोक्यात येतो. कोणाचा, ते विचारू नये.